घट्ट पाणी

पलंग लिफ्टमध्ये मावला नाही.
दोन पोरांनी तो जिन्यानं चौथ्या मजल्यावर आणला,
वळणावर भिंतीचा पोपडा काढत.
आपला दिवाण गॅलरीत गेला. त्यावर आता
डायपरची खोकी, आणि रुवीची धूळ.

सही कुठे करायची ते शम्सानं बोटानं दाखवलं.
कागद दोन भाषांत होता, दोन्ही माझ्या नव्हेत.
तिनं मोडक्या हिंदीत सावकाश सांगितलं:
आता हॉस्पिटल नको. नळी नको.
छाती दाबायची नाही.
दुखलं तर जिभेखाली थेंब.
मी विचारलं, किती दिवस?
अल्लाला ठाऊक, म्हणाली, आणि आजची तारीख घातली.

‘नातं’ या रकान्यापाशी मी थोडी थांबले.
गेल्या रमजानात तुम्ही मला म्हणाला होतात,
सिस्टर, उशीर झाला, निघा तुम्ही आता,
घरी कुणी वाट बघत असेल.
तुमचं ते शेवटचं अख्खं वाक्य.
मी निघालेही. चपला घातल्या,
जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले
आणि बेल वाजवून परत आले.
दार अर्थात मीच उघडलं.

लेक बँकेतून सातला येते. आपला व्हिसा तिच्या नावावर.
मुलगा फोनवर म्हणतो, वेळेत गावी न्यायला हवं होतं.
मी म्हटलं, विमानात आडव्या माणसाचं तिकीट किती
ते विचार, मग बोलू.
मग बोलला नाही. रडत असावा.

साधं पाणी तुम्हाला आता चालत नाही.
पातळ पाणी वाट चुकतं, फुफ्फुसात शिरतं.
पूड घालून ढवळायचं, पेजेसारखं होईतो,
आणि चमच्यानं, मान किंचित पुढे धरून.
एकतीस वर्षं घुब्र्याच्या प्लांटवर
समुद्रातलं मीठ काढलंत तुम्ही.
रात्रपाळीहून यायचात तेव्हा भुवया खारट असायच्या
(मला ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही).
स्वयंपाकघरात नळ सोडून म्हणायचात,
बघ, हे मी केलंय.
मी हसायचे. पाणी काय कुणी करतं?

आता मी करते. दोन चमचे पूड, अर्धा पेला.

शम्सा म्हणते, हाक मारत राहा,
कान सगळ्यांत शेवटी जातात.
मी म्हणते, अहो. अहो.
हेच नाव? ती विचारते.
तिला कसं सांगू, हे नाव नव्हे,
नाव न घेण्याची ही सोय.
नाव घेतलं ते दोनदाच,
लग्नात घास भरवताना आणि डोहाळजेवणात,
तेही रावांसकट. रावांना गाव जुळतो, म्हणून सोपं.

रात्री ती गेल्यावर, एसीच्या घरघरीत,
मी खोलीचं दार लावून घेतलं, उगाचच,
आणि म्हटलं, दिगंबर.
काही नाही.
घसा खाकरला. पुन्हा म्हटलं, पुरतं,
दिगंबर सदाशिव कोचरेकर.

तुमचे ओठ हलले.
‘हजर.’

बारीक आवाज, मिसरूड न फुटलेल्या पोराचा.
वेंगुर्ल्याकडच्या कुठल्या वर्गातून आला,
कुठल्या बाकावरून, कोण जाणे.
त्या वर्गात मी नव्हते. मी जन्मलेही नव्हते बहुतेक.

हजेरीनंतर बाई काय म्हणायच्या ते मला आठवेना.
बसा, म्हटलं. बसा खाली.
तुमची बोटं चादरीवर सैल झाली.

पेल्यातलं पाणी तोवर इतकं घट्ट झालं होतं
की चमचा उभा राहिला.
ते ओतून टाकलं.
नवं केलं.